फक्त देवीची घंटा

माझ्या धाकट्या मुलीला, रेवाला, गावदेवीच्या देवळातली घंटा ऐकू येते, असं मी चार महिने सगळ्या चाळीला सांगत होते. ती तेव्हा चार-पाच महिन्यांची असेल. टाळी वाजवली तर ती वळायची नाही. कुकरची शिट्टी झाली तरी तिची पापणी हलायची नाही. शेजारी टॉवरचं काम चालू होतं, त्याच्या मशीनने आमच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या, पण हिची झोपमोड होत नसे. मात्र दर मंगळवारी तिला कडेवर घेऊन मी देवळात उभी राहिले आणि घंटा वाजवली, की बाईसाहेब खुदकन हसायच्या आणि दोन्ही हात वर करायच्या. मला आणखी काय हवं होतं? बाकी काही ऐकू येवो न येवो, देवीचं ऐकू येतंय, म्हणजे सगळं हळूहळू येईल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

देवीने चमत्कार केला हे कुणाला पटवून द्यायला मी लिहायला बसलेली नाही. मला तसं पटवता येणारही नाही. माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि माझ्या तोंडून एक वाईट वाक्य गेलं. त्या दोन्हींतून देवीने मला कसं बाहेर काढलं, एवढंच मला सांगायचं आहे.

आम्ही दहिसरला राहतो, नदीपासून पाच मिनिटांवर, जुन्या चाळीत. माझे मिस्टर साकीनाक्याला एका युनिटमध्ये फिटर आहेत. घरात सासूबाई, मोठी मुलगी जुई आणि ही रेवा. रेवा झाली तेव्हा जुईला पाचवं वर्ष लागलं होतं. दवाखान्यातून घरी सोडताना बाळाच्या कानात एक छोटीशी नळी घालून तपासणी केली होती. त्यात ती पास झाली नाही. तिथल्या बाईंनी सांगितलं, कधीकधी कानात पाणी राहतं, सहा आठवड्यांनी परत आणा. त्या वाक्यातलं पाणी तेवढं आम्ही लक्षात ठेवलं आणि परत आणायचं विसरलो. विसरलो हे मी उगाच सगळ्यांच्या वतीने म्हणते आहे. मिस्टरांनी दोनदा आठवण केली होती. सासूबाई मालवणकडच्या, त्या म्हणाल्या, "कानात पाणी ऱ्हवला असात गो. सुकात आपसूक." मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी त्यांचं ऐकलं. एरवी आमचं दोघींचं कुठल्या गोष्टीवर इतक्या पटकन एकमत होत नाही.

बारशाला माझी नणंद शीतल मुलुंडहून आली होती. पाळण्याशी वाकून तिने रेवाच्या कानात नाव सांगितलं, "कुर्र" केलं, आणि रीतीप्रमाणे सगळ्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. दहा-बारा बायकांचा कालवा, पाळण्याची गाणी, बाहेर मुलांचा धुडगूस, आणि पाळण्यात ही शांत झोपलेली. "किती गुणी गं पोर! जुई तर नुसती किंचाळायची," असं जी ती म्हणत होती. मी अभिमानाने हसत होते. त्या दिवसाचा एक फोटो आहे. पुढे कित्येक महिने मला तो फोटो बघवत नसे.

पाचव्या महिन्यात मला आतून कळायला लागलं होतं. आईला कळतंच. मी मागून हाक मारायची आणि लगेच स्वतःची समजूत घालायची की तिचं लक्ष नाही, ती खेळात आहे, तिला दात येतायत. मिस्टर एकदा जेवताना म्हणाले, "एकदा परत दाखवून आणू या ना. काय जातंय?" मी ताटावरून उठले. "देवीची घंटा ऐकू येते तिला, मी स्वतः बघते दर मंगळवारी. तुम्ही आलात का कधी देवळात?" असं त्यांना ऐकवलं.  देवीचं नाव घेतलं की आमच्या घरात पुढे कुणी बोलत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. माझ्या भीतीला मी भक्तीचं नाव दिलं होतं आणि त्याच्या आड चार महिने लपून बसले होते.

रेवा आठ महिन्यांची झाली तेव्हाचा तो मंगळवार. जुईला शाळेत सोडून मी देवळात गेले, अकरा-साडेअकरा झाले असतील. आमचं देऊळ लहान आहे. बाहेर एक नळ, आत चार माणसं उभी राहतील एवढी जागा, उंबऱ्याच्या आत पितळेची घंटा आणि तिला दोरी. देवळात पुजारी नव्हते. एक कोळीण बाई मात्र होती. गोराईकडच्या या बायका तरीतून खाडी ओलांडून येऊन आमच्या गल्ल्यांमधून मासे विकतात, त्यांतलीच एक. रिकामी टोपली तिने बाहेर पायरीपाशी ठेवली होती. हिरवं लुगडं, अंबाड्यावर अबोलीची वेणी, आवाज खणखणीत. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. मी नेहमीसारखी घंटा वाजवली, रेवा नेहमीसारखी हसली, आणि मी कुणीही न विचारता त्या बाईला सांगितलं, "देवीची घंटा बरोबर कळते हिला. बाकी कशाला बघत पण नाही."

ती बाई हसली नाही. रेवाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोर गोड हाय गो. दे बघू जरा." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तिने रेवाला माझ्या कडेवरून घेतलं. तिला भिंतीकडे तोंड करून खांद्याशी धरलं. अंबाड्यावरची वेणी ओढून तिच्या हातात दिली. रेवा त्या फुलांमध्ये रमली. मग त्या बाईने मोकळ्या हाताने दोरी धरली आणि घंटा वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा, अशी जोरात की माझ्या कानात दडे बसले. रेवा फुलं उपटत होती. तिने मान वर केली नाही. मग बाईने तिला घंटेकडे वळवलं आणि हलकेच दोरी ओढली. लोलक हलताना दिसला आणि रेवा खुदकन हसली.

"ही बघते गो बाय," ती म्हणाली. "हिला ऐकू नाय येत."

पुढचं लिहिताना आजही माझा हात थांबतो. मी रेवाला तिच्याकडून हिसकावून घेतलं. म्हटलं, "माशाचे हात घेऊन देवळात येता आणि वर माझ्या मुलीला हात लावता? लाज नाही वाटत?" माझ्या तोंडून हे गेलं. आमच्या घरात बुधवारी बांगडा नसेल तर सासूबाई जेवणाला जेवण म्हणत नाहीत. त्या घरातल्या सुनेच्या तोंडून हे गेलं, तेही देवीसमोर.

ती भांडेल असं मला वाटलं. मला तेच हवं असावं. पण ती एवढंच म्हणाली, "हात धुतलेत बाय मी." मग पायरीशी जाऊन टोपली उचलली आणि जाता जाता वळून म्हणाली, "माझी धाकटी भैन अशीच होती. शांत हाय, शांत हाय म्हणून कौतुक करत बसलो आम्ही. चार वर्षांची झाली तवा कळलं. तू नको बसू." आणि गेली.

मी देवीकडे बघितलं. मनात आलं ते चांगलं नव्हतं. मी तिला म्हटलं, मी दर मंगळवारी येते, उपास करते, आणि तू मला हे ऐकवायला बाई पाठवतेस? तेव्हा मला कळलंही नव्हतं की मी स्वतःच 'पाठवतेस' असं म्हणून गेले आहे.

घरी येऊन मी रेवाला खेळण्यांत बसवलं आणि तिच्या पाठीमागे स्टीलचं ताट जमिनीवर आपटलं. ती वळली. माझा जीव भांड्यात पडला. मग ताट हातात धरूनच डावाने वाजवलं. ती वळली नाही. फरशीतून हादरा पोचला होता, आवाज नाही. मी ते ताट किती वेळ वाजवत बसले कुणास ठाऊक. जुई शाळेतून आली तेव्हा मी रडत होते. दप्तर न काढता ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आई, तिला असं नाही बोलवायचं. हे बघ." तिने रेवाच्या तळपायाला दोन बोटं लावली. रेवाने लगेच मान वळवली आणि बहिणीला बघून सगळं अंग हलवत हसली. जुई तिच्याशी कायम असंच बोलायची. आधी पायाला हात, मग तोंडापुढे तोंड. मला तो पोरखेळ वाटायचा.

"तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस मला?" मी विचारलं.

"तू म्हणालीस ना तिला देवीची घंटा ऐकू येते. मला वाटलं, फक्त तीच येत असेल."

पाच वर्षांच्या मुलीने माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि मी तिला देवीच्या नावाने खोटं शिकवलं होतं. त्या संध्याकाळी मिस्टर कामावरून आल्यावर मी स्वतःहून म्हटलं, "उद्या जाऊ या." त्यांनी तिथल्या तिथे फोन काढून युनिटमध्ये सुट्टी कळवली.

कानाची खरी तपासणी बाळ झोपलेलं असताना करतात. कपाळावर, कानामागे वायरी चिकटवतात. जी मुलगी बारशाच्या गोंधळात झोपली, ती त्या दिवशी टक्क डोळे उघडे ठेवून सगळ्यांच्या वायरी ओढत बसली. तीन तासांनी एकदाची झोपली. तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या, जुईच्या शाळेतल्या टीचरएवढ्या. त्यांनी आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं, दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, जवळजवळ नाहीच. आधी श्रवणयंत्र लावून बघायचं, त्याने भागलं नाही तर ऑपरेशन करून कानाच्या आत इम्प्लांट बसवायचं, आणि ऐकायला-बोलायला शिकवणं आजपासूनच सुरू करायचं. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "ताई, वेळ गेलेली नाही. पण आता एक दिवससुद्धा घालवू नका. कोणी सांगितलं तुम्हाला आणायला?" मी म्हटलं, "देवळात एक मावशी भेटल्या होत्या." त्या म्हणाल्या, "त्यांचे आभार माना."

पुढचं वर्ष धावपळीत गेलं. श्रवणयंत्राचं नाव काढताच सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या कानात मशीन? लोक काय म्हणतले?" पण रेवा ते ओढून काढते आहे असं दिसल्यावर त्यांनीच आपल्या जुन्या सुती साडीची कानावर बसणारी टोपी शिवली, बंद लावून. अशा सहा टोप्या झाल्या. चाळीत कुणी विचारलं तर त्याच पुढे होऊन सांगायच्या, "कानाचो चष्मो तो. तुमका डोळ्यांचो आसा ना?" यंत्राने थोडा फरक पडला, पुरेसा नाही. रेवा सव्वा वर्षाची झाली तेव्हा ऑपरेशन ठरलं.

त्या सकाळी तिला आत नेलं आणि दार बंद झालं. मी देवीचं नाव घ्यायला गेले तर मला शब्दच सापडेनात. आजवर मी देवीशी बोलले ते सगळं अटी घालून. माझ्या मुलीला ऐकू येऊ दे, मशीन नको, ऑपरेशन नको, लोकांना कळायला नको, हे असं कर आणि तसंच कर. त्या बाकावर माझ्याकडे एकही अट उरली नव्हती. मी मनात एवढंच म्हटलं, आई, ही तुझ्याकडे दिली, तुला जसं जमेल तसं कर. आणि खरं सांगते, मला तिथे बसल्या बसल्या डुलकी लागली. कित्येक महिन्यांत मी इतकी शांत झोपले नव्हते. मिस्टरांनी हलवून उठवलं तेव्हा डॉक्टर समोर उभे होते आणि सगळं नीट झालं होतं.

महिन्याभराने आतल्या इम्प्लांटला कानामागचं बाहेरचं मशीन जोडून पहिल्यांदा चालू केलं. रेवा दचकली, तिचे ओठ थरथरले, आणि तिने जे भोकाड पसरलं ते अख्ख्या मजल्याने ऐकलं असेल. तिने स्वतःही ऐकलं, म्हणून आणखी घाबरली. मी तिला पोटाशी धरून हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाहेर बाकावर आपापली लेकरं घेऊन बसलेल्या बायकांपैकी एकीनेही माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं नाही.

शीतलला या सगळ्या काळात एकच गोष्ट खात होती. "वहिनी, मी तिला नाव सांगितलं आणि तिच्यापर्यंत पोचलंच नाही गं," असं ती फोनवर म्हणायची. मशीन चालू होऊन सहा महिने झाले, रेवा आवाजाला वळायला लागली, तेव्हा मी शीतलला बोलावून घेतलं. मुहूर्त नाही, पाळणा नाही, एक रविवार. ती सवयीने रेवाच्या कानाशी वाकली. जुईने तिला मागे ओढलं. "आत्या, कानात नाही. मशीनचा माईक मागे असतो. तू नेहमीसारखी बोल." शीतल दोन हात मागे सरकून बसली, घसा खाकरला आणि म्हणाली, "रेवा." रेवा डब्यात चमचे भरत होती. तिचा हात थांबला. तिने वळून आत्याकडे बघितलं. शीतलच्या तोंडून "कुर्र" निघेना, ती नुसती रडत होती. जुईने मात्र दोन्ही मुठींनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले, जवळजवळ दोन वर्षांची उधारी वसूल केल्यासारखे. आता त्या बारशाच्या फोटोशेजारी या दिवसाचा फोटोही आहे, आणि मी दोन्ही बघू शकते.

देवळातल्या त्या कोळीण बाईचे आभार मानायचे राहिले होते. माफी तर त्याहून आधी मागायची होती. मी मंगळवारी मुद्दाम अकरा वाजता देवळात जाऊन थांबायचे. ती पुन्हा आली नाही. मग एक दिवस खण-नारळ, हिरवी साडी घेऊन, दोन्ही मुलींना घेऊन मी तरीने गोराईला गेले. मासळी वाळत घालणाऱ्या बायकांना विचारलं. हिरवं लुगडं, खणखणीत आवाज, दहिसरला मासे विकायला येते, धाकटी बहीण बहिरी. त्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. एक म्हणाली, "हिरवा लुगडा नि मोठा आवाज, अशा तर आमी सगळ्याच हाव गो बाय." बहिणीचं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. कदाचित ती दुसऱ्या गावची असेल, मनोरीची किंवा आणखी कुठली. रेवाच्या कानामागचं मशीन बघून एका म्हातारीने तिला जवळ बोलावलं, आणि हात लावायच्या आधी ती हंड्याकडे गेली, हात धुतले, पदराला पुसले. मला तिथे रडू आवरलं नाही. मी ती ओटी त्या म्हातारीची भरली. तिने कारण विचारलं नाही. जाताना रेवाच्या हातात एक शिंपला दिला.

ती बाई देवी होती का, असं मला लोक विचारतात. मला नाही माहीत. ती मासे विकणारी बाई होती, तिला बहीण होती, आणि तिने माझं वाईट बोलणं ऐकूनही मला खरं सांगितलं, एवढं मला माहीत आहे. मी देवीकडे माझ्या मुलीचे कान मागत होते. तिने आधी माझे उघडले. मी स्वतःहून शरण गेले नाही, मला हाताला धरून न्यावं लागलं, आणि तो हात कुठला होता हे ओळखायला मला दोन वर्षं लागली.

रेवा आता तीन वर्षांची आहे. शब्द उशिरा येतायत, पण येतायत. पहिला शब्द "आई" नव्हता, "जुई" होता, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, तो जुईचाच हक्क होता. गेल्या मंगळवारी आम्ही तिघी देवळात गेलो. मी बाहेरच्या नळावर थांबून हात धुतले, आता दर वेळी धुते. मग रेवाला उचलून भिंतीकडे तोंड करून खांद्याशी धरलं आणि अबोलीची वेणी तिच्या हातात दिली. ती फुलं उपटायला लागली. मी जुईला मान हलवून खूण केली. जुईने टाचा उंच करून दोरी ओढली.

रेवाने फुलं सोडली, माझ्या खांद्यावरून मान उचलली, आणि न दिसणाऱ्या घंटेकडे वळून म्हणाली, "आई, देवी!"